मयत नवरा तिसऱ्या रांगेत

आपण मेलोय हे कचरूला अंबडला कळलं. तेबी तिसऱ्या रांगेत खुर्चीवर बसून, चहात बुडवलेला टोस तोंडात असताना.

"हिचा धनी दुष्काळानं नेला," पडद्यामागून कुणीतरी जड आवाजात बोलला, "पण ही माउली थांबली नाही."

आन् पडद्यावर कोण, तर त्याचीच बायको. सत्यशीला. हातोडा वर, हातोडा खाली. कपाळ मोकळं, हात मोकळे.

खरी सत्यशीला पहिल्या रांगेत होती, मानाची पाहुणी म्हणून. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात कालच भरलेल्या बांगड्या. तिनं गर्रकन मागं पाह्यलं. कचरूचं तोंड उघडंच होतं.

त्याचं असं झाल्तं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सगळा गाव परतूरच्या रस्त्याला दुष्काळी कामावर खडी फोडीत होता. तवा मुंबईहून सरकारी पिच्चरवाले आले. हिरो न्हाई, हिरोइन न्हाई, गाणं न्हाई. जे आहे तेच काढायचं म्हणे, माहितीपट म्हणत्यात त्याला. एक मोठे साहेब, एक क्यामेरावाला, आन् आवाज धरायला जालन्याचा सलीम, दोन्ही कानावर डबड्या लावून. सत्यशीलानं हातोडा उचलला की सलीम हात वर करायचा.

"भाभी, चुड्या उतरवा जरा. सगळी खणखण माईकमधी येऊन राह्यली. दगडाचा आवाज पाह्यजे आपल्याला, खालिस दगडाचा."

नवरा असताना बाईनं हात रिकामे ठेवायचे नसत्यात. पण साहेब म्हणले, दोन मिनिटं फक्त. तवा साबण न्हाई, पाणी तर न्हाईच न्हाई. तिनं थुंकी लावून एकेक बांगडी उतरवली आन् पदराला बांधली. कुंकू घामानं कवाच वाहून गेल्तं. दोन मिनिटांचे दोन तास झाले. कचरू तिच्या शेजारीच पाट्या उचलीत होता, तर साहेबांनी त्याला हात केला, "तुम्ही जरा सरका हो. गर्दी दिसते."

सरकला बिचारा. असा सरकला की जगातूनच गेला. मुंबईत ज्यानं पिच्चरमधलं बोलणं लिहिलं, त्यानं रिकामं कपाळ पाह्यलं, रिकामे हात पाह्यले, आन् बसल्या जागी कचरूला मारून टाकला. दिल्लीला दरसाल माहितीपटांना बक्षिसं असत्यात, त्यात हा पिच्चर पह्यला आला. म्हणून आज अंबडला सत्कार. भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केल्ता.

घोंगड्या निघाल्या, उजेड आला, तशी सत्यशीला तडक साहेबांपुढं.

"साहेब, हा काय चावटपणा? माझा नवरा जित्ता हाय. तो बघा, टोस खाऊन राह्यला."

साहेबांचा चेहरा उतरला. "ताई, हळू. मी नाही लिहिलं ते. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता."

"मंग आता काढा ते बोलणं."

"बक्षीस देणाऱ्यांनी नेमकं त्याचंच कौतुक केलंय. मानपत्रात लिहिलंय. आता काढलं तर बक्षीस खोटं ठरेल."

"आन् ठेवलं तर माझा नवरा खोटा."

तेवढ्यात महिला मंडळाच्या उषाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन रांगेनं आल्या. सत्यशीलापशी त्यांचं बोट हवेतच थांबलं. आधी कपाळ पाह्यलं, मंग बांगड्या.

"चालतं बाई आजकाल सगळं," त्या शेजारणीला म्हणल्या.

"काय चालतं?" सत्यशीलानं विचारलं.

"काही न्हाई गं. तुला काय म्हणलं का मी?" आन् ताट पुढं गेलं.

सत्यशीलाला वाटलं, ते ताट उधळावं छतापर्यंत. पण स्टेजवर मोठे अंमलदार बोलायला उठले होते. या विधवा भगिनीची कहाणी पाहून डोळे भरून आले, म्हणले. नुसती साडीचोळी देऊन भागणार न्हाई, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाची नोकरी देतो, राहायला खोली देतो, हारतुरे झाले की आजच कागद भरू, म्हणले. टाळ्या पडल्या. उषाबाईंनीबी वाजवल्या.

हारतुरे चालू असताना कचरूनं तिला खुणेनं बाहेर नळापशी बोलावलं. पिच्चरवाले गेल्यावर दोनच म्हयन्यांनी खदानीत सुरुंगाची कपची लागून त्याचा उजवा हात लुळा पडल्ता. तवापून कुणी कामाला घेत न्हवतं. दोन लेकरं, म्हातारी, सगळं सत्यशीलाच्या रोजावर. रोज मिळाला तर चूल, न्हाई तर न्हाई.

"घे," तो म्हणला.

"काय घेऊ?"

"नोकरी."

"डोकं फिरलं का तुमचं? विधवेची हाय ती."

"मंग मी मेलोच हाय ना. सरकारी पिच्चरात आलंय, दिल्लीनं बक्षीस देऊन खरं केलंय. आपल्याला कोण विचारतंय?" तो हसला. कुत्र्यानं दात दाखवावे तसं. "लेकरांना खोली मिळंल. शाळा जवळ पडंल. मी येत जाईन आठ-पंधरा दिवसाला."

"कोण म्हणून?"

कचरूनं लुळा हात दुसऱ्या हातानं पोटाशी धरला.

"भाऊ म्हणून."

सत्यशीलानं हात उचललाच होता. तेवढ्यात आतून तिच्या नावाचा पुकारा झाला.

स्टेजवर कारकून कागद घेऊन बसला होता. नाव, गाव, लेकरं, सगळं त्यानं विचारून विचारून लिहिलं. मंग म्हणला, "मयत पतीचं नाव?"

ती उठली आन् माईकपुढं जाऊन उभी राह्यली. आपलाच आवाज एवढा मोठा ऐकून तिला धक्का बसला, पण थांबली न्हाई.

"माझा धनी मेला न्हाई. जित्ता हाय. तो बघा, तिसऱ्या रांगेत बसलाय."

सगळ्या माना एकदम वळल्या. तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. खाली नुसती चहाची कपबशी.

कुणीतरी च्च-च्च केलं. अंमलदारांनी स्वतः उठून पाण्याचा गिलास पुढं केला. "बसा ताई. दुःखात होतं असं माणसाला." आन् मघाशी ताट पुढं नेणाऱ्या उषाबाई आता पदरानं डोळे टिपून राह्यल्या.

"येडी न्हाई मी!" सत्यशीला ओरडली. "साहेब, तुम्ही सांगा. तुम्हीच त्यांना सरका म्हणले होते."

साहेबांनी मांडीवरच्या मानपत्राची गुंडाळी केली, परत सोडली.

"सलीमभाई, तुम्ही तर पाह्यलंय त्यांना!"

सलीम पिच्चरच्या मशीनपशी उभा होता. त्यानं साहेबांकडं पाह्यलं. रिळाचा डबा उघडला, बंद केला. "भाभी..." म्हणला, आन् मान खाली घातली.

कारकुनानं हळूच कागद तिच्याकडं सरकवला, वर पेन ठेवला. चौथीपर्यंत शिकली होती ती, लिहिता येत होतं. कागदावर खोली होती, रोजचं जेवण होतं, लेकरांची शाळा होती. रिकामी जागा एकच, कचरूच्या नावाएवढी. तिनं पेन उचलला. टोक कागदाला टेकलं, शाईचा ठिपका पडला, पसरत गेला. सगळा हॉल बघत होता.

तिनं पेन टाकला आन् स्टेजवरून उतरली.

"अगं, साडी तरी घे!" उषाबाई मागून ओरडल्या. तिनं वळून पाह्यलं न्हाई.

कचरू एसटी स्टँडवर शेडच्या कडंला उकिडवा बसला होता. तिला पाह्यल्याबरोबर उठला.

"झाली का सही?"

"तुम्ही मेल्यावर करीन."

"तवा कोण देणार हाय नोकरी?"

परतूरची गाडी लागली, माणसं दाराला भिडली. कचरूनं डाव्या हातानं दांडी धरली, पण एका हातानं त्याला वर चढता येईना. मागची माणसं ओरडायला लागली. सत्यशीलानं त्याच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आन् ढकललं, लागत होतं त्याच्यापेक्षा कितीतरी जोरानं. कचरू आतल्या बाकड्यावर जाऊन आपटला.