पहिलं मूल आजीचं

छातीशी धरलं की झांदोस पाठीची कमान करायचा, मान फिरवायचा आणि टाहो फोडायचा. बाटली दिसली की मात्र स्वारी गप्प. डोळे मिटून घटाघट, पार तळापर्यंत. बाटलीतलं दूधही अकमारलचंच असायचं, हाताने पिळून काढलेलं. म्हणजे दूध चालत होतं, आई चालत नव्हती. हे तिच्या फार जिव्हारी लागलं होतं.

दोष तरी कुणाला द्यायचा? जन्मल्या जन्मल्या त्याला कावीळ झाली. दवाखान्यात त्याला दिव्याखालच्या पेटीत ठेवलं आणि नर्सनी तोंडात बाटली दिली. अकमारल वरच्या मजल्यावर टाके सांभाळत पडून होती. घरी आल्यापासून तिने काय नाही केलं? कडकडून भूक लागायच्या आधी पाजून पाहिलं, पेंगुळला असताना पाहिलं, उभ्याने, झुलवत, गाणं म्हणत पाहिलं. पाळण्यात बांधलेल्या बाळावर ओणवं होऊनही पाहिलं, तिच्या आईने तिला तसंच पाजलं होतं. पाठ मोडून आली, पण पोरगं तोंड उघडेना.

दुसरीकडे कुठे असती तर तिने एवढा जीव टांगणीला लावला नसता. बाळ वाढत होतं, बाळसं धरत होतं. पण सीर नदीकाठच्या त्या गावात पहिलं मूल आजी-आजोबांचं. ते त्यांच्याच घरी वाढतं, आजीला आई म्हणतं आणि जन्म देणारीला वहिनी. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, आणि सुनेला विचारतंय कोण? चाळिसाव्या दिवसाचं न्हाणं झालं की सासूबाई, कुलपाश, नातवाला नदीपलीकडे आपल्या घरी नेणार होत्या. अंगावर पिणारं मूल असतं तर त्यांनी इतक्यात हात लावला नसता. बाटलीवरच्या मुलाला कोण अडवणार?

नवऱ्याला तिने एकदा विचारून पाहिलं होतं. "आईला कसं नाही म्हणू?" सेइलखान म्हणाला. "आपल्याला होतील की अजून." तेव्हापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

न्हाणाच्या दिवशी घर बायकांनी भरून गेलं. चांदीच्या अंगठ्या टाकलेल्या पाण्याचे चाळीस चमचे बाळाच्या अंगावर पडले, अंगठ्या बायकांनी हसत वाटून घेतल्या, गरम बाउरसाकांची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, ताटं फिरली. चुलतसासू उर्किया रिकामी बाटली नाचवत म्हणाली, "पोरगं हुशार गं. कुणाच्या घरी जायचंय ते ओळखून बसलंय. आईचा लळाच लावून घेतला नाही बघ."

सगळ्या हसल्या. अकमारलही हसली. मग बाळाला उचलून ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

छाती दगडासारखी टणक झाली होती, अंगात कणकण होती. बाहेर सासऱ्यांनी बाळासाठी गाडी तापवायला घेतली होती, इंजिनाची घरघर आत ऐकू येत होती. तिने झांदोसचं डोकं धरून छातीवर दाबलं. तो किंचाळला. तिने पुन्हा दाबलं. "घे रे," ती म्हणत होती, "एकदाच घे, नाहीतर नेतील तुला." उपाशी ठेवला तर झक मारत घेईल, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

दार उघडलं. कुलपाश कोमट बाटली घेऊन उभ्या होत्या.

"डोकं सोड त्याचं."

"आपा, एकदाच पाहू द्या," ती सासूला म्हणाली.

"सोड म्हणते ना. मान दाबली की मांजराचं पिल्लूसुद्धा मागे सरतं. पाजतेयस की कुस्ती खेळतेयस?"

त्यांनी बाळाला घेतलं आणि त्याचं रडं थांबेल इतकंच, दोन घोट दूध पाजलं. मग त्याचं सगळं गुंडाळलेलं सोडलं, सुनेला उशांना रेलून बसवलं आणि उघडं बाळ तिच्या उघड्या पोटावर पालथं ठेवलं. "हात पाठीवर ठेव. तू जाऊ नकोस त्याच्याकडे. त्याला येऊ दे."

झांदोस कुरकुरला. नाक घासत थोडा वर सरकला, घसरला, चिडला. कुलपाशनी बोटांनी छाती हलकेच दाबून थेंब काढला आणि त्याच्या ओठाला लागू दिला. त्याने तो चाटला. पुन्हा डोकं आपटलं, पुन्हा चुकलं. आणि मग त्याने मोठा आ केला आणि धरलं. तो गिळत होता, आवाज येत होता.

ती रडायला लागली. "हलू नकोस," कुलपाश म्हणाल्या.

त्या तिथेच पलंगाच्या कडेला टेकल्या. "मादेसला नेलं तेव्हा मला असाच पान्हा फुटायचा," त्या म्हणाल्या. मादेस त्यांचा थोरला. "टॉवेल दातात धरून पिळून टाकायचे. आता तो चाळिशीचा झाला. परवा भर लग्नात वहिनी म्हणून हाक मारलीन मला, अगदी प्रेमाने." त्यांनी झांदोसच्या टाळूवरून हात फिरवला. "म्हटलं होतं, या खेपेला पहिला माझा."

अकमारलला त्यांची दया आली, पण बाळाभोवतीचा हात तिने सैल केला नाही.

दाराबाहेरून सासऱ्यांनी विचारलं, "गुंडाळलं का गं त्याला?"

"नाही," कुलपाश म्हणाल्या. "तो पितोय. राहू दे त्याला इथेच."

"मग गाडी उगाच तापवली की."

कुलपाश उठल्या, शाल अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. "तापू द्या," त्या म्हणाल्या. "मला थंडी वाजतेय."