कडेचा पट्टा

यांगकीने दाभण दातांत धरलं आणि तंबूच्या कडेच्या पट्ट्याची शिवण उसवायला सुरी लावली, तोच तिचा सासरा ल्हुंदुप येऊन बरोबर त्याच पट्ट्यावर मांडी घालून बसला.

"आबा, जरा उठा ना," दाभण गवतावर ठेवत ती म्हणाली.

"जप चाललाय माझा," तो म्हणाला आणि माळेचे मणी ओढू लागला.

तंबू गवतावर पसरला होता. लामांनी काढून दिलेला मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा होता, त्याआधी शिवण व्हायला हवी होती. आमच्या कुरणावर याकच्या केसांचा काळा तंबू कधी नवा नसतो आणि कधी जुनाही होत नाही. बायका हिवाळाभर एक लांब पट्टा विणतात, उन्हाळ्यात तो मधोमध, धुराच्या फटीशी जोडतात आणि कडेचा सगळ्यांत जुना पट्टा काढून त्याची पोती शिवतात. मधला पट्टा असा सरकत सरकत कडेला पोचतो, आणि तेवढ्यात विणणारीचा जन्म निघून जातो.

नव्या सुनेचा पट्टा तंबूत बसला की ती घरची झाली. तोवर पाहुणीच. यांगकीने लग्नानंतरचा सबंध हिवाळा मागावर घालवला होता, बोटं फुटली तरी हात थांबवला नव्हता. आणि आता कडेला आलेला पट्टा तिच्या सासूने नवी नवरी असताना विणलेला निघाला होता. सासू मागच्या थंडीत गेली होती.

"आबा, खांब आहेत तेवढेच आहेत," यांगकीचा नवरा नोर्गे म्हणाला. "नवा घालायचा तर जुना काढायलाच हवा."

"मग नवा घालू नका."

नोर्गेने बापाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि याकांना पाण्यावर न्यायचं निमित्त काढून सटकला. अशा वेळी त्याला नेमकी याकांची तहान आठवायची.

शेजारच्या तंबूतली चोंदेन म्हातारी पाठीला करंडी अडकवून शेण वेचायला निघाली होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"वा रे भक्त! तोंडाने सगळं नश्वर, सगळं नश्वर, आणि बूड काही पट्ट्यावरून हलत नाही."

ल्हुंदुपने डोळे मिटून घेतले. मणी तेवढे भराभर सरकू लागले.

यांगकी करंडी उचलून चोंदेनच्या मागे गेली. ओढ्यापलीकडे पोचल्यावर तिला रडू आवरेना.

"त्यांना मी नकोच आहे, मावशी."

"खुळी आहेस." चोंदेन डाव्या हाताने वाळलेलं शेण खांद्यावरून करंडीत टाकत होती. ती थांबली. "रडू नकोस. एक गोष्ट सांगते. तो ज्याच्यावर बसलाय ना, तो तुझ्या सासूचा पट्टा नाहीच."

"म्हणजे?"

"माझा आहे. तिचा पहिल्याच पावसात गळला, तोही देवापुढच्या दिव्यांवर. तिच्या सासूने जे फाडून खाल्लंय तिला! पुरुषमाणसं मिठाच्या तळ्याकडे गेली होती. मी विणून ठेवलेला माझा पट्टा दिला, दोघींनी मिळून बसवला. त्याला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली हो तिने... " चोंदेनच्या ओठांवर नाव आलं होतं, ते तिने गिळलं. गेलेल्याला नावाने हाक मारली की पुढे निघालेलं माणूस मागे वळून बघतं. "शपथ माझी होती, तुझी नाही. जा, सांग त्याला."

यांगकी जवळजवळ धावतच परतली. एका वाक्यात काम होणार होतं.

ल्हुंदुप पट्ट्यावर वाकून बसला होता. एका ठिकाणी वीण विरली होती, तिथे तो टाके घालू बघत होता. दाभणाच्या नाकात दोरा जाईना. त्याने दोऱ्याचं टोक पुन्हा तोंडात घालून ओलं केलं, पुन्हा चुकला.

यांगकी त्याच्या शेजारी बसली. दाभण त्याच्या हातातून घेऊन तिने दोरा ओवला आणि विरलेली जागा स्वतःच शिवायला घेतली. फार वाईट वाटलं तिला त्याचं. ते एक वाक्य तिच्याने बोलवलं नाही.

बराच वेळ म्हातारा तिच्या बोटांकडे बघत राहिला.

"चोंदेनने सांगितलं ना?"

यांगकीचा हात थांबला.

"जन्मभर मीही केस कातत चाती फिरवतोय, पोरी. डावखुऱ्या हाताचा पीळ उलटा पडतो. तळ्याहून आलो त्याच दिवशी ओळखला."

"मग आबा, हा पट्टा एवढा जपता कशाला?"

"दर उन्हाळ्यात तंबू पसरला की ती मुद्दाम विचारायची, माझा पट्टा अजून कसा आहे हो? मी म्हणायचो, दगडासारखा आहे. मग ती तिकडे तोंड फिरवून हसायची. काय फसवलंय याला, असं वाटायचं तिला." तो स्वतःही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "शेवटपर्यंत तिला कळू दिलं नाही. एवढं मात्र साधलं मला."

बाहीने डोळे पुसून तो उठला. सुरी त्याने स्वतःच मागून घेतली आणि कडेची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. पट्टा सुटला तेव्हा त्याने माळ कपाळाला लावली आणि म्हणाला, "आण तुझा."

दुसऱ्या दिवशी देवदाराच्या पाल्याचा धूर करून, पर्वतदेवाला हाक घालून तंबू उभा राहिला. आत आल्यावर यांगकीने वर बघितलं. तिच्या पट्ट्याची वीण मधे मधे सैल पडली होती, उजेडाचे बारीक ठिपके स्पष्ट दिसत होते. आणि समोर माछेन पर्वताच्या शिखरावर ढग जमत होते.

"आबा, पाणी धरेल का हो?"

ल्हुंदुपने मान वर करून पट्टा नीट न्याहाळला.

"थेंब येणार नाही," तो म्हणाला.

मग त्याने आपलं अंथरूण उचललं आणि सगळ्यांच्या देखत नव्या पट्ट्याच्या बरोबर खाली पसरलं. यांगकी चहा घुसळायला वळली तेव्हा त्याने दुधाची रिकामी बादली हळूच उशाशी ओढून घेतली. ते बघून ती तिकडे तोंड फिरवून हसली.