बादलीवरचा दगड

"आई तुमच्याकडे राहायला येतेय ना, मग तिच्या बादलीवर लक्ष ठेव हं," नणंदबाईंनी फोनवर सांगितलं होतं. "झाडांचं वेड डोक्यात शिरलं की ती घरात काही ठेवत नाही. मी विरजलेलं भांडंभर दही नेऊन पेरूला घातलं होतं तिनं."

मी हसण्यावारी नेलं. सासू लेकीकडून सुनेकडे निघाली की चार गाऱ्हाणी तिच्या आधी येऊन पोहोचतातच, असं मला वाटलं. शिवाय राईचा पर्वत करण्यात नणंदबाईंचा हात धरणारं कुणी नाही.

सासूबाई आल्या त्या एक ट्रंक आणि चिकूची दोन रोपं घेऊन. आमच्या घरामागे लहानसं अंगण आहे. एका कडेला कपडे धुवायचा दगड, दुसऱ्या कडेला वाळत घालायची तार, मध्ये मोकळी माती. त्या मातीकडे बघून त्या म्हणाल्या, "घर तुमचं, स्वयंपाकघर तुझं. अंगण तेवढं माझं."

रोपं लावली, आणि लावली तेवढीच राहिली, पानं पिवळी. माझी लेक रोपांनंतर जन्मली आणि रोपांपेक्षा उंच झाली. तिला आम्ही ठकी म्हणतो. ती चिकूशेजारी उभी राहिली की नवरा म्हणायचा, "आई, तुझी झाडं सरकारी नोकरीत लागलीत का गं? हजेरी रोज, काम शून्य." एकदा जेवताना पुढे म्हणाला, "यंदाही नाही वाढली तर तिथे फरशी घालून टाकू. गाडीला जागा होईल."

तो हसत म्हणाला. सासूबाई हसल्या नाहीत. पानातलं न संपवताच उठल्या.

दुसऱ्या दिवशी मोरीमागे झाकणाची बादली आली. केळीची सालं, चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, मासे धुतलेलं पाणी, अंड्यांच्या टरफलांचा चुरा, जे हाताला लागेल ते तिच्यात जाई. झाकणावर दगड. काही दिवस आंबवायचं, मग पाण्यात पातळ करून झाडांच्या बुंध्यापासून जरा लांब, गोल ओतायचं. घरातला ओला कचरा परस्पर मार्गी लागतोय म्हणून मी खूश होते. वास येई, पण तो खताचा वास होता. त्याचं मला वावडं नाही. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते, याहून वाईट वास पगार घेऊन हुंगलेत.

ठकीसाठी त्या नोकरीवरून घेतलेली माझी लांबलचक रजा संपत आली होती. मी कामावर गेले की ठकी दिवसभर सासूबाईंकडे राहणार, असं ठरलं होतं. त्यामुळे मी बारीक बघायला लागले. आणि बघायला लागलं की दिसायला लागतं.

मी अंगणात पाऊल टाकलं की सासूबाई झाकण लावत. आधी असं नव्हतं. दुपारी ठकीला निजवताना मला त्यांच्या खोलीतून खलबत्त्याचा आवाज येई, टक टक टक, आणि मी दारात गेले की थांबे.

"काय कुटताय, आई?"

"टरफलं."

"खोलीत?"

"मग काय रस्त्यावर बसू?"

टरफलं तर सकाळीच कुटून झालेली मी पाहिली होती.  मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग ठकीचे हात. अंगणातून आली की तळव्यांवर तांबूस डाग. फ्रॉकवरही. साबणानं जाईनात. वास घेतला तर मातीचा नाही, सालीचा नाही, ओल्या किल्लीसारखा.

"हे काय लागलंय हिला?"

"विटेचा चुरा असेल," सासूबाई ठकीकडे न बघता म्हणाल्या.

आमच्या अंगणात वीट नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू ना, कामावर जायचं टाळायला कारणं शोधतेयस. आईनं दोन पोरं वाढवलीत."  पण आता घरातली प्रत्येक बाटली मला संशयाची वाटू लागली. फिनेल किती उरलंय, उंदराचं औषध कुलपात आहे ना, सारखं बघत होते. खतात काहीतरी विषारी मिसळलं जातंय आणि माझी पोर त्यात हात घालतेय, एवढं एकच डोक्यात. सासूबाई मुद्दाम करणार नाहीत, असं मी स्वतःला समजावत होते. पण मुद्दाम नसलेलं विष कमी चढतं का?

एका सकाळी त्या आंघोळीला गेल्या. मी दगड उचलला. आंबूस वाफ नाकात गेली. काठीनं ढवळलं. सालं वर आली, चोथा वर आला आणि पाण्यावर गंजाचा तवंग फिरला. तळाशी काठीला काहीतरी टोचलं. गाळणीनं उपसलं तर अर्धवट कुटलेल्या, अर्धवट विरघळलेल्या गोळ्या. एक खलबत्त्यातून निसटली असावी, तिचं लाल आवरण अजून शाबूत होतं.

मी ती लगेच ओळखली. लोहाच्या गोळ्या. रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरांनी सासूबाईंना दिलेल्या. त्या पाकिटावरची सूचना मीच त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली होती: मुलांपासून दूर ठेवा. एवढ्याशा पोरीच्या पोटात मूठभर गेल्या तर जीवावर बेतू शकतं.

मी ठकीला उचललं, बोटं घालून तोंड तपासलं, तिनं भोकाड पसरलं. ते ऐकून सासूबाई ओल्या केसांनीच धावत आल्या.

"काय झालं? पडली का?"

मी गाळणी पुढे धरली. "हे काय आहे, आई?"

त्या गाळणीकडे बघत राहिल्या. मग पायरीवर बसल्या.

"पोर बादलीपाशी असताना मी झाकण उघडत नाही. शपथ घेऊन सांगते."

"मग हातांना डाग कसले?"

"ओतलेल्या मातीत खेळते. तिथं नाही येऊ देत आता."

"पण खतात गोळ्या कशाला?"

"तूच म्हणालीस." आवाज चढला. "पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे झाडाला लोह कमी पडतंय, तूच म्हणालीस ना? शिकलेली आहेस म्हणून ऐकलं. डॉक्टर म्हणाले, या गोळीत लोह आहे. मग? मला कुठं वाढायचंय आता? त्यांना वाढायचंय. नाही वाढली तर फरशी घालणार तुझा नवरा. मग मी कुठं बसू, गाडीत?"

मला हसू आलं आणि रागही आला. "अहो आई, इथं मातीत लोह असेलही. घर बांधताना चुन्याचा, सिमेंटचा राडारोडा खाली पुरलाय, त्यामुळे झाडाला ते घेता येत नाही. वर तुम्ही टरफलं घालताय, म्हणजे आणखी चुनाच. टरफलं बंद करा. राडारोडा काढू, शेणखत आणि कुजलेला पाला भरू. हवं तर जुना लोखंडी तवा आंबट ताकात भिजवून ते पाणी देऊ."

"हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं?" म्हणत त्या उठल्या, आणि उठता उठता त्यांनी भिंत धरली. थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. भिंतीवरचा त्यांचा पंजा भिंतीच्याच रंगाचा दिसत होता.

"चक्कर येतेय?"

"छे. ओल्या केसांनी धावले म्हणून."

मी त्यांना बळेच उजेडात बसवलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढली. आत लाली नव्हतीच. धुतलेल्या फडक्यासारखी पांढरी.

इतके दिवस मी बादली बघत होते, झाकण, दगड, पोरीचे तळवे. ज्यांच्या हाती पोर सोपवायची त्यांच्या तोंडाकडे मी नीट पाहिलंच नव्हतं.

डॉक्टरांकडे नेलं. रक्त आणखी खाली गेलं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर पोरीला कडेवर घेऊनच कोसळल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले. मी रजा वाढवून घेतली. नवऱ्यानं फरशीचं नाव टाकलं आणि कुदळ घेऊन राडारोडा उपसला.

पण गोष्ट इथे संपत नाही. परवा एका चिकूला कोवळी, स्वच्छ हिरवी पानं फुटली. शेणखतानं फुटली, ताकानं फुटली की कशानं, देव जाणे. सासूबाई माझ्याकडे बघून नुसतं "बघ" म्हणाल्या. दुसरा चिकू मात्र अजून पिवळाच आहे, आणि त्या त्याच्याकडे ज्या नजरेनं बघतात ती मला आवडत नाही. गोळी मी स्वतः देते, वर पाणी देते. त्या घोट घेतात, "घेतली गं बाई, आता काय जीभ दाखवू?" म्हणतात, आणि लगेच अंगणात जायची घाई करतात. मी जीभ बघते. काल गालाच्या आत बघायचं राहिलं.

तुमच्याही घरी असं कुणीतरी असेल. आई, सासू, आत्या, मागच्या खोलीतले काका. "माझं झालं, तुम्ही जेवा" म्हणणारं, कशाला तरी वाढवण्यात गुंतलेलं. एवढं वाचून झालं की त्यांच्याकडे जा. औषध घेतलं का, असं विचारू नका, उत्तर "घेतलं" असंच येईल. त्यांना खिडकीपाशी बसवा, पापणी हलकेच खाली ओढा आणि आत लाल आहे का, तेवढं बघून या.