'माहीत नाही'चा चौकोन

"बाबा, वरच्या मजल्याच्या रंगात शिसं आहे का?"

एवढं विचारून इदालिनाने पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. जुन्या रंगातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला कसं बाधतं, यावर वर्गात तिने भाषण ठोकलं होतं आणि मैत्रिणींनी तिथेच पैज लावली होती: एवढी शूर आहेस ना, मग घरी बापाला विचारून दाखव.

होरासिओ फुर्तादोने मान वर केली नाही. टेबलावर भाडेकराराचे कागद पसरले होते. थोड्याच वेळात वरचा मजला भाड्याने घेणारी रेनाता आणि तिचा नवरा सह्या करायला येणार होते. रेनाताला सातवा महिना होता. घरमालकाने भाडेकरूला भरून द्यायच्या शिशाच्या फॉर्मवर दोन चौकोन होते, 'असल्याचं माहीत आहे' आणि 'माहीत नाही'. त्याने दुसऱ्यात खूण केली.

"माहीत नाही."

"घर शंभर वर्षांचं आहे."

"असेना. तपासलं नाही, म्हणून माहीत नाही. तुझ्या आजोबांनीही हेच लिहिलं. या फॉल रिव्हर शहरातला कुठलाही घरमालक घे, हेच लिहितो. यात खोटं काय?"

"पण तपासलं का नाही?"

"वकीलबाई, सूप गार होतंय," तिची आई देओलिंदा ओट्यापाशी म्हणाली. "पूर्वी हिच्या तोंडून एक शब्द काढायला चिमटा लागायचा. आता झाकण सापडत नाही."

इदालिना हसली, पण चमचा उचलला नाही.

"एकदा तपासलं की माहीत झालं," होरासिओ म्हणाला. "माहीत झालं की कायद्याने सगळ्या खिडक्या बदला. आणि तू त्याच मजल्यावर रांगलीस ना? तुला काय झालं?"

देओलिंदाने पातेल्यातला डाव बाहेर काढला. त्यावरून सूप ओट्यावर ठिबकत राहिलं, तिने पुसलं नाही.

"चार वर्षांची होईपर्यंत ही बोलली नव्हती, होरासिओ."

"काही मुलं उशिरा बोलतात. डॉक्टरच म्हणाला होता."

"म्हणाला होता." ती ओट्याकडेच बघत होती. "खिडकी वरखाली केली की रंगाची पांढरी पूड पडायची. मी रोज पुसायचे. सासऱ्यांना कधी विचारलं नाही. मलाही माहीत नव्हतं, असंच म्हणायचं."

होरासिओने पेनाला टोपण लावलं. खूण केलेला कागद त्याने फाडला नाही, पण टेबलावर पालथा घातला.

जिन्यावर पावलं वाजली. एक जोडी सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबत येत होती. होरासिओ खुर्चीतून अर्धवट उठला, तेवढ्यात इदालिना दाराशी पोचलीसुद्धा.

"दार मी उघडते," ती म्हणाली. "आज सह्या होणार नाहीत. आधी तपासणीस येईल, तो सांगेल तेच फॉर्मवर लिहायचं आणि खिडक्या बदलून झाल्याशिवाय वर कोणी राहायला जायचं नाही. रेनाताला हे मीच सांगणार आहे. तुम्ही दोघं फक्त माझ्या मागे उभे राहा."