टू मच स्वे

संध्याकाळी हे घरी आले, ते बूटही न काढता स्टुलावर बसले आणि म्हणाले, “साहेब म्हणाले, यू हॅव टू मच स्वे. उद्या वर चढायच्या आधी ऑफिसात या.”

“म्हणजे काय?”

“मला कळलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?”

आता बघा! क्रेन हे चालवतात, साहेब ह्यांचा, इंग्रजी साहेबाचं, आणि अर्थ मी सांगायचा. मी आपली दिवसभर मशीनवर बसून लोकांच्या पँटी आखूड करते.

लेकीनं फोनवर शब्द शोधला. “स्वे म्हणजे झुलणं, हेलकावे खाणं.” मग अंगठा सरकवून म्हणाली, “आणि वजन, प्रभाव, सत्तासुद्धा.”

“एकाच शब्दाचे एवढे अर्थ? डोकं ठिकाणावर आहे का ह्या भाषेचं?”

धाकटे दीर टुणकन उठले. ते त्याच साइटवर, क्रेनखाली उभे राहून हुकाला बोजा बांधतात. “वजनच, वहिनी! मागच्या आठवड्यात वादळ सुटलं तेव्हा दादानं काम थांबवलं, आणि त्याच्या एका शब्दावर सगळे कामगार खाली बसले. मुकादम करणार बघा त्याला. चहा टाका, साखर घसघशीत!”

“पण काका, टू मच म्हणजे अति,” लेक म्हणाली. “कौतुक असतं तर असं म्हणाले असते का? बाबांचं वजन त्यांना खुपत असेल. काढूनही टाकतील.”

एका शब्दात बढती आणि हकालपट्टी दोन्ही? आनंद करायचा की रडायचं तेच कळेना, आणि त्या नादात चहा उतू गेला.

“काढतायत कसले!” दीर म्हणाले. “दादाचा हात म्हणजे हात आहे. त्यानं बोजा उचलला की मी वर बघतच नाही.”

एरवी भावानं कौतुक केलं की गडी कसा फुलतो, मला ठाऊक आहे. आज हे नुसती बुटाची नाडी बोटाला गुंडाळत बसले होते.

“अहो, आणि तो पहिला अर्थ?” मी विचारलं. “आज काही झुललं होतं का?”

“सळयांची मोळी. थोडीशीच. वारा होता.”

“वारा?” मी गॅलरीकडे बघितलं. सकाळी वाळत घातलेले कपडे दिवसभर निपचित लटकून अजून ओलेच होते. “आज पानसुद्धा हललं नाही. कुणाला बनवताय?”

“तू गप्प बस!” म्हणत हे ताडकन उठले आणि तोल गेला. भिंतीला हात टेकला नसता तर कोसळलेच असते.

लेक धावली. मला मात्र आधी रागच आला, भीती नंतर. “कधीपासून चाललंय हे?”

“महिना झाला असेल. खाली बघितलं की गरगरतं.”

“आणि तरी वर चढता? माझ्यापासून लपवता?”

“मला दुसरं येतं काय गं?” ह्यांचा आवाज चिरकला. “खाली उतरवलं तर मी कोण? साहेब वजनाबद्दलच बोलले असतील. असतील ना?”

लेकीनं फोन उपडा ठेवला. ह्यांनी भावाकडे बघितलं. “उद्यापासून वर बघत जा रे.”

“दमलायस तू, दादा,” म्हणून दीर हसले. मग हसता हसता थांबले. डोक्यावर कुठंतरी उजव्या बाजूला त्यांनी हात नेला.

“ती मोळी आज माझ्या हेल्मेटला घासून गेली. मला वाटलं, मीच चुकीच्या जागी उभा असेन.”

हे खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी ह्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

साहेबांना नेमकं काय म्हणायचं होतं ते आम्हाला अजूनही कळलेलं नाही. सकाळी ह्यांनी त्यांना तोंड उघडूच दिलं नाही. आत शिरताच क्रेनची चावी टेबलावर ठेवली आणि जमेल त्या इंग्रजीत म्हणाले, “खाली माझा भाऊ असतो.”