कालव्याची वाट

कन्हेरी गावच्या कुंडलिकची लेक प्रगती बारामतीला नर्सिंग शिकत होती. एका संध्याकाळी ती स्कूटीवरून कालव्याच्या रस्त्यानं घरी येत होती. दोन पोरांनी मोटारसायकल आडवी घातली, एकानं तिचा हात धरला. ती हिसडा मारून सुटली, घरी आली आणि सगळं सांगून मोकळी झाली. ऐकल्यावर कुंडलिकच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "त्या वाटंला गेलीसच कशाला?" त्यानं स्कूटीची चावी काढून घेतली. आपण लेकीला जपतोय, असंच त्याला मनापासून वाटत होतं.

बातमी गावभर झाली तशी मारुतीच्या देवळापुढं सभा भरली. मुलींच्या सुरक्षिततेवर बोलायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. अंधाराच्या आत घरी या, एकटीनं आडवाटेनं जाऊ नका, कानाला फोन लावून चालू नका, कपडे नीट घाला, असं त्यांनी तळमळीनं सांगितलं. कुंडलिक मान डोलावत होता. मग गावातले वजनदार बागायतदार आबासाहेब उठले आणि म्हणाले, पोरींनी एवढं पाळलं तर असले प्रकार व्हायचेच न्हाईत.

तेवढ्यात बायकांतून प्रगती उभी राहिली.

"बाई, सावध राहायचं मला पटतंय," ती म्हणाली. "पण हात त्यानं धरला आणि चावी माझी गेली. मागं एवढी पोरं बसलीत, त्यांना अजून कुणी कायच सांगितलं न्हाय."

कुंडलिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीला खाली बसवायला तो उठणार, एवढ्यात त्याची आई ठमाबाई जमिनीला हात टेकून उभी राहिली. चार माणसांत ती कधी बोललेली कुणाला आठवत नव्हतं.

"माझं लुगडं अंगभर हुतं," ती सावकाश म्हणाली. "डोईवर पदर, भर दुपार, आन कडेवर ह्यो कुंडलिक. कालव्याच्या मोरीपाशी एकानं मला धरलं. खुरपं हाणलं म्हणून सुटले. घरी आल्यावर सासूनं इचारलं, त्या वाटंला गेलीसच कशाला. मंग म्या ती वाटच सोडली."

कुंडलिकला आता उलगडलं. रानात जाताना आई कायम बांधाबांधानं लांबचा वळसा घालायची. लहानपणी पाय दुखले की तो कुरकुरायचा, तेव्हा कालव्याला साप हाय, एवढंच ती सांगायची. उन्हातान्हात, डोक्यावर भारा घेऊन, म्हातारपणी काठी टेकत ती तोच वळसा चालत राहिली होती. जी बाई रोज आपल्याला वाढत होती, तिच्या अंगात एवढी ताकद होती आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. आजीशेजारी नात ताठ उभी होती.

व्याख्यान द्यायला आलेल्या बाई देवळाच्या ओट्यावरून खाली उतरून ठमाबाईपाशी आल्या. त्यांनी तिचे हात हातात घेतले. आपलं बोलणं अर्धंच होतं, असं त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं आणि पुढचा तासभर त्या फक्त पोरांशी आणि बापांशी बोलल्या. मागची पोरं खाली मान घालून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी कुंडलिकनं चावी प्रगतीच्या हातात दिली. चुकलं माझं, एवढंच त्याला बोलता आलं. मग बापलेक पोलीस ठाण्यात गेले. प्रगतीनं गाडीचा नंबर ध्यानात ठेवला होता. शेजारच्या गावची पोरं सापडली, गुन्हा दाखल झाला. प्रकरण मिटवून टाका, असं आबासाहेबांनी दोनदा सुचवून पाहिलं. कुंडलिक बधला नाही.

त्यानंतर एका सकाळी ठमाबाई काठी घेऊन निघाली. बांधाकडं वळायच्या ऐवजी ती सरळ कालव्यावर चढली. कुंडलिक मागोमाग गेला. त्याच मोरीवर ती थांबली. कालव्याला शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलेलं, पाणी काठोकाठ वाहत होतं, पलीकडच्या उसावर ऊन पडलं होतं.

"हितनं आपलं रान दिसतंय की," ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत ती हे विसरूनच गेली होती, याचंच कुंडलिकला नवल वाटलं. तो तिच्या शेजारी उभा राहिला. बघून तिचं मन भरेपर्यंत त्यानं तिला चल म्हटलं नाही.