चकचकीत काळा

अजिंक्य बोटीवरून घरी आला तेव्हा बाबांचं वर्षश्राद्धही होऊन गेलं होतं. ते गेले तेव्हा बोट भर समुद्रात होती, आणि वर्षश्राद्धाच्या वेळी बदली माणूस आला नाही म्हणून तो अडकला. घरात त्याला कोणी काही बोललं नाही. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, धाकट्या बहिणीने, मृणालीने, बांगड्याचं तिखलं केलं. मांडवीच्या त्या घरात सगळे त्याच्याशी इतकं सांभाळून वागत होते की त्याला घरात बसवेना.

म्हणून त्याने गाडीकडे मोर्चा वळवला. बाबांची ती जुनी निळी गाडी आता मृणालीकडे होती. तीतूनच ती शाळेत शिकवायला जायची. बाहेरून गाडी बरी होती, पण बॉनेट उघडलं आणि अजिंक्यने कपाळाला हात लावला. खाऱ्या वाऱ्याने आणि इंजिनच्या धगीने आतलं प्लास्टिक पांढुरकं पडलेलं, एअर फिल्टरच्या डब्यावर तेलाचे ओघळ. त्यातच कोणीतरी जागोजागी पांढऱ्या रंगाने अक्षरं खरडून ठेवली होती. ‘तेल’. ‘पाणी’. मधल्या मोठ्या कव्हरवर ‘हात नको’. कलती, एकमेकांवर चढलेली, पहिलीतल्या पोराने गिरवावी तशी. असला गबाळेपणा तो बोटीच्या इंजिनरूममध्ये कधी खपवून घेत नसे.

मृणाली प्रशिक्षणासाठी एसटीने राजापूरला गेली होती. ती परत यायच्या आत बॉनेटखालचं सगळं नव्यासारखं करून ठेवायचं, असं त्याने ठरवलं. एवढी वर्षं घर तिने एकटीने ओढलं होतं. त्या बदल्यात तिला काय द्यावं हे त्याला सुचत नव्हतं; हे मात्र त्याला येत होतं.

त्याने कव्हरं सुटी केली आणि अंगणात नळाखाली घेतली.

“बाबांच्या गाडीला हात घातलास. मृणालीला विचारलंस काय?” आईने दारातूनच विचारलं.

“तिला सांगू नको गो. बघच तू, कशी खूश होते ती.”

आई आत गेली. बॉनेटखाली काय असतं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

साबणाने तेलाचा अंश न् अंश काढला, कारण तो राहिला तर रंग धरत नाही. मग पॉलिश पेपर पाण्यात बुडवून त्याने सगळं घासलं. पांढरी अक्षरं चिवट निघाली. ‘हात नको’ तर जाता जाईना, तेव्हा त्याने जरा खरबरीत पेपर घेतला आणि जोर लावला. पांढरं पाणी ओघळून माडाच्या आळ्यात गेलं. नंतर प्लास्टिकवर धरणारा प्रायमर, त्यावर काळ्या रंगाचे हलके हात, प्रत्येक हात नीट वाळू देऊन. शेवटी उष्णता सोसणारा क्लिअर कोट. कुठे ओघळ नाही की फोड नाही. त्या काळ्यात माडाच्या झावळ्या दिसत होत्या.

मृणाली आली, तिने पिशवी खाली ठेवली आणि त्याने बॉनेट उचललं.

ती बघत राहिली. मग वाकली आणि मोठ्या कव्हरवरून हात फिरवू लागली, आंधळ्याने चाचपावं तसा.

“दादा, इथली अक्षरं?”

“घासून काढली. कुठल्या मेकॅनिकचा उद्योग होता कोण जाणे.”

“बाबांनी लिहिली होती ती.”

अजिंक्य हसला. “बाबांचं अक्षर मला ठाऊक नाही होय? पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये नोकरीला होते तेव्हा तिथले बोर्ड त्यांच्याकडून लिहून घ्यायचे.”

“तो उजवा हात, दादा. लकवा झाल्यावर तो हात गेला, वाचा गेली. मला गाडी शिकवायची होती त्यांना, आणि बोलता येईना. मग खुणा करून रंगाची डबी मागितली. मी त्यांना धरून उभी राहायची आणि ते डाव्या हाताने लिहायचे. गरम इंजिनाला मी बोट लावलं, त्या दिवशी ‘हात नको’ लिहिलं.”

अजिंक्यला व्हिडिओ कॉलवरचे बाबा आठवले. खुर्चीत बसून नुसते हसणारे. लकव्यानंतर ते घरात काय हवं-नको कसं सांगतात, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

“फोटो असेल ना एखादा?”

“मी रोज बॉनेट उघडत होते. फोटो कशाला काढू?” तिने डोळे पुसले आणि बॉनेट हळू खाली टेकवलं. “रंग छान बसलाय पण.”

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन दिवस तो गाडीकडे फिरकला नाही. रविवारी सकाळी मृणालीच चावी घेऊन आली आणि म्हणाली, “चल, भाट्याच्या समुद्रावर जाऊन येऊ.”

ती चालवत होती, तो बाजूला बसला होता. खाडीवरचा पूल ओलांडल्यावर त्याने विचारलं, “तुला शिकवताना बाबा रागवायचे काय गो?”

मृणाली सांगू लागली. गिअर चुकला की ते गुडघ्यावर टिचकी मारायचे. पहिल्यांदा एकटीने गाडी वळवली तेव्हा रडले होते. सांगता सांगता ती मध्येच थांबे आणि म्हणे, “हे तुला फोनवर सांगितलं होतं की मी.”

अजिंक्यला त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

“परत सांग,” तो म्हणाला.